समर्थचा पिवळा शर्ट आणि माहेरचं पातळ

आक्का,

"आक्काला फोन द्या, रंग विचारतो." तू गेल्यावर माझ्या तोंडून निघालेलं पहिलं वाक्य हे आहे. तू ऐकलं असतंस तर तोंडाला पदर लावून हसली असतीस, म्हणून तुलाच सांगतो. बाकी कुणाला सांगायची सोय नाही.

दाजींनी 'गेली' हा शब्द वापरलाच नव्हता. मी ऑफिसात डबा उघडून बसलो होतो. दाजी म्हणाले, "बाळू, निघ लगेच. येताना माहेरचं पातळ घेऊन ये." नवरा असताना बाई गेली की तिच्या अंगावर शेवटचं पातळ माहेरचं पडतं आणि ते भावानं आणायचं असतं, हे मला काय ठाऊक नाही? आईच्या वेळी मामानं आणलेलं अजून डोळ्यांसमोर आहे. पण डोकं तिकडं वळलंच नाही. मला वाटलं, तुझंच काहीतरी फर्मान असेल. म्हटलं, "दाजी, भाऊबीज लांब आहे की अजून. आक्काला फोन द्या, रंग विचारतो."

 दाजींच्या मागं कोणीतरी बाई मोठ्यानं रडत होती, मला वाटलं टीव्ही चालू आहे. मग दाजी म्हणाले, "हिरवाच लागतो रं."

आणि आक्का, तरीही मी विचारलं, "हिरव्यात कुठला?"

समोर मेथीची भाजी होती. मी तिच्याकडं बघत होतो.

जेवून उठलीस, हात धुतलेस, "जरा पडते" म्हणालीस आणि पडलीस ती उठलीच नाहीस. डॉक्टर म्हणे हृदय म्हणाले. तुझं? आदल्या संध्याकाळी जिचा आवाज मला फोन कानापासून वीतभर लांब धरून ऐकावा लागला, तिचं? मी अजून हे कुणाला नीट सांगू शकत नाही. सांगायला लागलो की मध्येच थांबतो, कारण मलाच ते पटत नाही. आदल्या दिवशी आपण भांडत होतो की. समर्थच्या शर्टावरून. आणि ते भांडण अर्धं आहे. अर्ध्यावर सोडायची तुझी रीत नव्हे. शेवटचा शब्द तुझा पडल्याशिवाय तू कधी फोन ठेवला नाहीस. त्या दिवशी तेवढा ठेवलास. "दूध वर यायलंय. ठेव. उद्या बघते तुझ्याकडं."

उद्या म्हणजे कधी, आक्का?

समर्थ माझा मुलगा असला तरी बारशाच्या कुंचीपासून त्याचे कपडे आत्या म्हणून तुझ्या अखत्यारीत. माझी ना नव्हती. मला कपड्यांतलं काय कळतं? मी दुकानात शिरलो की माझा आत्मविश्वास चपलांबरोबर बाहेरच राहतो. तरी अधूनमधून सुजाता म्हणायची, "मुलाचे बाप आहात, कधीतरी तुम्हीही घ्या," आणि मला नव्या पेठेतल्या त्या मोठ्या दुकानात पाठवायची. तिथं मुलींचे कपडे दोन मजले. झालरी, फुलं, फुलपाखरं, आंब्यापासून जांभळापर्यंत सगळे रंग. मुलांचे कपडे जिन्याखाली. जिन्याखाली मला मान वाकवून उभं राहावं लागतं. तिथं निळा, त्याहून गडद निळा, काळा आणि एक मळखाऊ रंग, ज्याला अजून कुणी नाव दिलेलं नाही. त्यावर जबडा फाडलेला वाघ, नाहीतर चिखलातून चाललेली जीप, नाहीतर कवटी. मी तसाच वाकून तुला व्हिडिओ कॉल लावायचो आणि एकेक कपडा दाखवायचो.

"ही कवटी कशाला रं? फवारणीच्या औषधावर असती तसली."

"फॅशन आहे, आक्का."

"इषारी हाय, लेकराला हात लावू नका, आसं सांगायचंय व्हय? फुडचं दाव. त्या छातीवर काय लिवलंय?"

"इंग्रजीत आहे. मी बॉस आहे, असं."

"कुणाचा?"

दुकानातली मुलगी फिसकन हसली. तुला तेवढंच पुरे होतं. "सकाळी दात घासायला चार हाका मारती सुजाता, आन् म्हणं बॉस. ठेव ते. पोरींच्या मजल्यावर जा."

"आक्का, लोक बघतायत."

"मग बघू दे की. तू काय चोरी करायलास?"

मी जायचो नाही. जिन्याखालूनच काहीतरी उचलून घरी यायचो. तो सूट आठवतो? शर्टालाच जाकीट शिवलेलं, जाकिटाला खिसा शिवलेला आणि खिशाला तोंडच नव्हतं. लग्नाच्या मांडवात समर्थ त्यात गोळ्या ठेवायला गेला आणि त्या सगळ्या खाली सांडल्या. "पप्पा, हा खोटा खिसा आहे," तो म्हणाला. माझ्याशी इतक्या निराश आवाजात ऑफिसातले साहेबसुद्धा बोललेले नाहीत. आणि मानेमागचं ते लेबल! एखाद्या कपड्यात खोट नसलीच तर ते लेबल त्याची भरपाई करतं. मी आणलेला एकही कपडा असा नाही, जो घातल्यावर समर्थ "टोचतंय" म्हणाला नाही. तुझ्या मशीनवरचं एकही कापड त्याला कधी टोचलं नाही. हे तू मला दर सणाला ऐकवायचीस. बरोबरच होतं.

आणि मायेचा तो घोटाळा. तूच मला पढवून पाठवलं होतंस, "घेताना आत शिवणीला माया हाय का बघ, उसवून वाढवता आलं पायजे, वाढत्या अंगाचं लेकरू हाय." मी आपला सरळ माणूस. काउंटरवरच्या मुलीला विचारलं, "ह्यात माया आहे का?" ती कॉम्प्युटरमध्ये बघून म्हणाली, "नाही सर, माया ब्रँड आपल्याकडं येत नाही." फोन चालूच होता. तू इतकी हसलीस की तुला ठसका लागला, आणि दाजी पाणी घेऊन धावल्याचं मला इथून दिसलं. त्यानंतर माझा फोन उचलल्यावर कितीतरी दिवस तू 'हॅलो' म्हणालीच नाहीस. "काय रं, आला का माया ब्रँड?"

त्या दिवशी घरी येऊन मी खरंच एका तयार शर्टाची शिवण उसवून बघितली. आत नखाएवढं कापड आणि दोऱ्याचा गुंता. पोरानं हात वर केला की काखेत टर्रकन फाटणार, दुसरं काय होणार? तू शिवलेल्या शर्टात आत दोन-दोन बोटं कापड दुमडलेलं असायचं. दिवाळीला आलीस की एक शिवण उसवायचीस, आणि शर्ट पोराबरोबर वाढायचा. जुन्या शिवणीची रेघ तेवढी राहायची, दाराच्या चौकटीवर पोरांच्या उंचीच्या खुणा करतात तशी. सुजाता म्हणायची, "रेघा दिसतात हो वन्सं." तू म्हणायचीस, "दिसू दे. वाढलंय त्ये, चोरलेलं न्हाय."

आता तू शिवून पाठवलेला तो पिवळा शर्ट. हळदीचा पिवळा आणि त्यावर बारीक पांढरी फुलं. समर्थनं तो घातला आणि काढायलाच तयार होईना. जेवला त्यात, झोपला त्यात. दुसऱ्या दिवशी तोच घालून खाली खेळायला गेला. जुळे सोलापुरातल्या आमच्या इमारतीच्या खाली पोरांची चांगली मोठी टोळी असते. मी खिडकीत होतो. मला ऐकू आलं. "ए समर्थाबाई! समर्थाबाई, हळदी-कुंकवाला चाललात का?" पोरं वाईट नाहीत, आक्का. एकाच्या अंगावर कवटी होती, एकाच्या वाघ. त्यांना वाटलं, असंच चिडवायचं असतं. समर्थ वर आला. शर्ट काढला, गोळा करून पलंगामागं कोंबला आणि उघड्या अंगानं माझ्यासमोर उभा राहिला. "मला निळा द्या."

त्याच्या आवाजात रडू नव्हतं. त्याचीच मला भीती वाटली. म्हणून संध्याकाळी मी तुला फोन केला आणि म्हटलं, "आक्का, पुढच्या वेळी निळाच शिव."

"का?"

"पोरं चिडवतात."

"कुणाची पोरं?"

"आहेत खालच्या मजल्यावरची."

"त्यांच्या आईला दे फोन."

"आक्का, हे जुळे सोलापूर आहे, तुझं मोडनिंब नव्हे."

"म्हंजी मोडनिंबात पिवळं चालतंय आन् तुमच्या फ्लॅटात न्हाय? मग खेडवळ कोण रं? आरं, लहानपणी तुझा सदरा आन् माझा परकर एकाच ताग्यातला हुता. फुलांफुलांचा. तुला मिशा यायच्या राहिल्या व्हय?"

खरं होतं. खिडकीचा पडदाही त्याच ताग्यातला होता. मी पडद्यापाशी उभा राहिलो की अण्णा पोटच्या पोराला हाका मारत घरभर फिरायचे. पण मीही तुझाच भाऊ. मी म्हटलं, "तेव्हा अख्ख्या गल्लीचं तेच होतं, आक्का. सगळेच फुलांचे, तर कोण कुणाला चिडवणार? आता हा एकटा आहे."

यावर तू थांबलीस.

तू कधी थांबत नाहीस. मी आता दिवसभर त्या थांबण्यावर विचार करतोय. माझं पटलं म्हणून थांबलीस, की तेवढ्यात दुधाकडं बघायला वळलीस? तो मुद्दा माझा बरोबर होता, मला अजूनही तसंच वाटतं. पोरांनी त्याला सोलून काढू नये आणि त्याला जन्मभर जिन्याखालचे रंगही घालायला लागू नयेत, एवढंच मला पाहिजे होतं. दोन्ही एकदम कसं करायचं, ते मला येत नाही. ते तू सांगणार होतीस. दूध उतरवून, उद्या.

दुसऱ्या दिवशी दाजींचा तो फोन ठेवून मी सुजाताला घेतलं, समर्थला शाळेतून तसाच गणवेशात उचलला आणि साडीच्या दुकानात शिरलो. गादीवरचा माणूस हसून म्हणाला, "या साहेब, बस्ता आहे का?" सुजाता त्याच्या जवळ जाऊन हळू काहीतरी बोलली. त्याचं हसू गेलं. त्यानं हिरव्या पातळांची चळत पुढं ठेवली. पोपटी, शेवाळी, बाटलीच्या काचेसारखं, कच्च्या कैरीसारखं. इतके हिरवे असतात हे मला माहीत नव्हतं. एका मुलाचा शर्ट घ्यायला मला अर्धा दिवस आणि तू लागायचीस. माझा हात आपोआप खिशात गेला. मी फोन काढला, तुझं नाव समोर आलं, तुझा तो मशीनवर बसलेला फोटो. बोट तिथंच राहिलं. दुकानदाराला वाटलं मी पैसे पाठवतोय, तो म्हणाला, "आधी पसंत तर करा साहेब."

समर्थ गादीवर चढला होता. त्यानं एकेका पातळाचा काठ चिमटीत धरला, चोळला, मग गालाला लावला. सुजाता म्हणाली, "बाळा, हात नको लावू." तो म्हणाला, "आत्यानं सांगितलंय. कापड आधी गालाला लावायचं, मग घ्यायचं." एक गालाला लावून त्यानं मान हलवली. दुसरं. तिसरं लावलं आणि माझ्याकडं सरकवलं. "हे टोचत नाही."

तेच घेतलं, आक्का. रंग कुठला होता ते मला आज विचारशील तर सांगता येणार नाही. टोचणारं नव्हतं एवढं नक्की.

पिशवी हातात देताना दुकानदार सवयीनं म्हणाला, "वहिनी, फॉल-पिको करून देऊ का?" आणि मग त्या बिचाऱ्याला आपण काय बोललो ते कळलं. त्यानं कानाला हात लावले. मी म्हटलं, "असू द्या हो." खरं तर तेवढ्यानं मला त्याच्याबद्दल आपलेपणा वाटला. माझ्याइतकंच त्यालाही सुचत नव्हतं.

मी रडलो नाही. मोडनिंबाला पोचलो, तुला पाहिलं, बायकांनी तुला पातळ नेसवलं, तेव्हाही नाही. लोकांना चहा विचारत फिरत होतो, जसं काही तुझ्या घरी बारसं आहे. दोघी-तिघी बायका म्हणाल्या, "भाऊ धीराचा हाय." धीर कसला? मी वाट बघत होतो. आतल्या खोलीतून तू येशील आणि म्हणशील, "बाळू, त्या पाव्हण्याला साखर कमी लागती." गर्दीत मला कुठलीही गोष्ट पटत नव्हती, तुझ्या नावानं लोक जे काही बोलत होते तेही नाही. 'शांत स्वभावाची' म्हणाला कोणीतरी. मी त्याच्याकडं बघतच राहिलो. वाटलं, हा चुकून दुसऱ्याच घरी आलाय.

दहावं झालं, त्या दुपारी दाजींच्या थोरल्या बहिणीनं, शांताबाईंनी, तुझ्या वस्तू आवरायला घेतल्या. पातळं वाटली, भांडी ज्याची त्याला दिली. खिडकीखाली तुझी मशीन होती. शांताबाई म्हणाल्या, "हिचं काय करायचं? आता कोण चालवतंय? भंगारवाला येईल तवा देऊ." दाजी भिंतीला टेकून बसले होते. म्हणाले, "कुणाला पाहिजे तर न्या."

"मला," समर्थ म्हणाला.

खोलीभर माणसं होती. शांताबाई हसल्या. मनात काही नव्हतं त्यांच्या, लाडानंच हसल्या. "आरं, तू बाप्या माणूस! मशीनवर बसतूस व्हय? तुला आपण टॅक्टर दिऊ की." सगळे हसले. इतक्या दिवसांत त्या घरात पहिल्यांदा कोणी हसलं होतं, आणि ते ह्या पोराला.

समर्थनं माझ्याकडं बघितलं. पलंगामागं शर्ट कोंबून उघडा उभा होता ना, तेव्हा जसं बघितलं होतं तसंच. मी आतल्या खोलीच्या दाराकडं बघितलं. अशा वेळी तिथून तुझा आवाज यायचा. सगळ्यांची तोंडं तू एका वाक्यात बंद करायचीस आणि मी मागं उभा राहून मान डोलवायचो. एवढंच माझं काम होतं आजवर. दारातून कोणी आलं नाही, आक्का. आणि मला पहिल्यांदा कळलं की येणार नाही.

 तोंडात जे आलं ते बोललो. "शांताबाई, टॅक्टर आमच्या तिसऱ्या मजल्यावर चढायचा न्हाय. मशीन चढंल."

मी गावच्या बोलीत कधी आलो ते मलाही कळलं नाही. दाजी हसले. हसता हसता त्यांनी तोंड भिंतीकडं वळवलं आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मग तसंच भिंतीकडं तोंड करून म्हणाले, "ने. खालची फळी सैल हाय, धरून ने." शांताबाईंनी स्वतः उठून मशीनवरची धूळ पुसली. "टॅक्टर राहू दे मग," त्या समर्थला म्हणाल्या, "माझं पोलकं तेवढं शिवून दे."

मशीन आता आमच्या हॉलमध्ये आहे. टीव्ही थोडा सरकवावा लागला, क्रिकेट मान तिरकी करून बघतो. पिवळा शर्ट सुजातानं पलंगामागून काढला, धुतला आणि घडी करून कपाटात ठेवला. समर्थनं तो अजून घातलेला नाही. मी विचारलेलं नाही. खालची पोरं मशीन बघायला येऊन गेली. वाघवाल्या पोरानं चाक फिरवून बघितलं आणि विचारलं, "ह्याला स्पीड किती आहे?" चिडवलं नाही. उद्या चिडवतीलही. मी काही तुझ्यासारखा त्यांच्या आयांना फोन करणारा नाही, पण खिडकी सोडून खाली उतरायला शिकेन म्हणतो.

काल दुपारी समर्थनं मशीनच्या खणातून तुझी मापाची पट्टी काढली आणि मला म्हणाला, "पप्पा, उभे राहा. तुमचा शर्ट शिवायचाय."

"तुझे पाय तरी पोचतात का खाली?"

"पाय आई मारणार. मी वरचं बघणार. उभे राहा की."

मी उभा राहिलो. तो स्टुलावर चढला. खांदे मोजले, हात मोजला, दोन्ही वेळा आकडा चुकला, आणि तुझ्यासारखाच पट्टीचं टोक ओठांत धरून विचार करत राहिला. मग पट्टी माझ्या पोटाभोवती आणली. ह्या वयात माणूस जे करतो ते मी केलं. पोट आत ओढलं.

"पोट सोडा, पप्पा."

"सोडलंय."

"नाही सोडलं. आत्या म्हणायची, दम धरून दिलेलं माप खोटं असतं. सोडा."

दाजींचा फोन आल्यापासून धरलेला होता तो दम, आक्का. सोडला. जो आवाज निघाला तो माझाच आहे हे मला आधी कळलंच नाही. सुजाता पिठाच्या हातांनी स्वयंपाकघरातून धावत आली आणि दारात थांबली. मला उभं राहवत नव्हतं आणि बसताही येत नव्हतं, कारण पोराच्या हातात मी पट्टीनं बांधलेला होतो. माझं पोट गदागदा हलत होतं. त्यानं पट्टी सोडली नाही. पुन्हा जवळ वाकून तो आकडा वाचायला बघत होता, पुन्हा हुकत होता, पुन्हा बघत होता.

"हलू नका ना, पप्पा," तो म्हणत होता.